चित्रं नेमकी कुठं टांगायची?

प्रश्न : मी पोंभुर्ण्याचा. दिवसभर फ्लेक्सच्या दुकानात कोरलवर वाढदिवसाचे नि अभिनंदनाचे बॅनर बनवतो, रात्री कागदावर चित्रं काढतो. मोहफुलं वेचणाऱ्या बाया, शंकरपटाचे बैल, धानाच्या बांधीतले बगळे, झाडीपट्टीतल्या नाटकांचे प्रसंग, असं काहीबाही. इन्स्टाग्रामवर ३४० लोक आहेत. त्यातले निम्मे सोयरे नि मित्र. 'भारी भाऊ' याच्यापुढं गाडी जात नाही. कोणी म्हणतं बिहान्सवर टाक, कोणी आर्टस्टेशन सांगतं, कोणी पिंटरेस्ट. सगळीकडे टाकायला वेळ नाही अन् धड रेंजही नाही. एकच निवडायचं तर कोणतं निवडू? आणि तिथं टाकलेली चित्रं एआयवाले उचलून नेतात म्हणतात, ते खरं का जी?
– एक चित्रकार, पोंभुर्णा (जि. चंद्रपूर)

उत्तर : तुमच्या प्रश्नासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याआधी वडशापर्यंत जाऊन येऊ.

कागदोपत्री देसाईगंज, पण सगळे वडसाच म्हणतात, त्या गावात दिवाळीच्या सुमारास पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं थाटली जातात. एकाला लागून एक. गावोगावचे लोक मंडईच्या जत्रेसाठी, बैलांच्या शंकरपटासाठी नाटक ठरवायला तिथं येतात. चार दारं फिरतात, यंदा कोणतं नाटक, नट कोण, गायला कोण, रात्रीचे किती घेणार, असं विचारतात आणि एकाकडं बयाना ठेवून परततात. आता समजा, एखाद्या नाटक मंडळीनं ठरवलं की या गर्दीत कशाला बसायचं, आपण चंद्रपुरात चांगल्या इमारतीत, काचेच्या दाराचं कार्यालय घेऊ. कार्यालय झकास होईल. नाटक ठरवायला मात्र कुत्रंही येणार नाही, कारण गावकऱ्यांची पावलं वडशाकडं वळतात.

तुम्ही विचारताय की कोणतं कार्यालय चांगलं. मला आधी कळायला हवं की तुमचं गिऱ्हाईक कोणत्या गल्लीत फिरतं. पत्रात बायांपासून बगळ्यांपर्यंत सगळे आले, पण चित्राचे पैसे कोण देणार, हे कुठंच आलं नाही.

तुमच्या विषयांकडं पाहून मला तीन गिऱ्हाइकं दिसतात. पहिलं, मुलांच्या पुस्तकांचे आणि मासिकांचे संपादक. दुसरं, ताडोबाच्या आसपासची पर्यटनावर चालणारी मंडळी, म्हणजे रिसॉर्ट, माहितीफलक, नकाशे, टी-शर्ट. तिसरं, घरात लावायला चित्र विकत घेणारा शहरातला माणूस. हे तिघं एका गल्लीत फिरत नाहीत.

पहिल्या गिऱ्हाइकासाठी बिहान्स. हे संकेतस्थळ २००५ मध्ये निघालं, २०१२ च्या अखेरीस अडोबीनं विकत घेतलं, आणि तिथं खातं फुकट आहे. काम देणारे लोक तिथं चित्रकार शोधतात, गाव-शहर टाकून चाळणीही लावता येते. म्हणून खात्यावर 'चंद्रपूर, महाराष्ट्र' लिहायला लाजू नका. नागपूर लिहिलं तर शेकडोंच्या रांगेत उभे राहाल. ताडोबावर पुस्तक करणाऱ्या संपादकाला चंद्रपूरचा चित्रकार सापडला तर तो थांबून बघेल.

पण बिहान्सवर एकेकटं चित्र टाकून उपयोग नाही. तिथं 'प्रकल्प' मांडायचा असतो. मोहफुलांचंच घ्या. पहाटे टोपली घेऊन निघालेली बाई, झाडाखाली आदल्या दिवशी झाडून घेतलेली जागा, पडलेली फुलं, त्यांच्यावर आलेलं अस्वल, अंगणात वाळत घातलेली फुलं, अशी आठ-दहा चित्रं एका ओळीत लावा. सुरुवातीची पेन्सिलची रेखाटनं दाखवा, रंगाचे दोन फसलेले प्रयत्नही दाखवा. शेवटी तेच चित्र पुस्तकाच्या पानावर मजकुरासह कसं बसेल, तेही मांडा. संपादकाला सुंदर चित्रापेक्षा मोठी काळजी वेगळीच असते. पान ३ वरची बाई पान १९ वर तीच दिसेल का? ज्याच्या मांडणीतून याचं उत्तर मिळतं, त्याला फोन जातो. असे तीन प्रकल्प पुरे. तीस नकोत.

आणि संपादक तुमच्याकडं येईपर्यंत थांबायचं कशाला? बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आहे. भोपाळच्या एकलव्यचं 'चकमक' आहे, पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन आहे, बंगळूरची प्रथम बुक्स आहे. यांना दहा पानांची, दोन-तीन एमबीची पीडीएफ आणि चार ओळींचा ईमेल पाठवा. ईमेललाही मी प्लॅटफॉर्मच म्हणतो. तो जुनाट आहे, तिथं लाइक मिळत नाहीत, पण कामं मिळतात. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे २०१५ पासूनचं व्यासपीठ तर तुमच्या फार जवळचं आहे. तिथं मराठी गोष्टी आहेत, गोंडीही आहेत. फक्त एक ध्यानात असू द्या : तिथली चित्रं खुल्या परवान्याची असतात. तुमचं नाव देऊन कोणीही ती वापरू शकतो, विकूही शकतो. एखादी गोष्ट तिथं आनंदानं द्या, सगळी पेटी मोकळी करू नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गिऱ्हाइकासाठी इन्स्टाग्रामच. तुमचं खातं आहे, ते मोडू नका. पण ते खातं आज कसं दिसत असेल याचा मला अंदाज आहे. एक बगळा, एक मित्राचा वाढदिवस, एक दुकानातला बॅनर, मग गणपती. पर्यटकाला किंवा रिसॉर्टच्या व्यवस्थापकाला त्यातून काय कळणार? ते घरचं खातं म्हणून राहू द्या आणि चित्रांसाठी नवं, व्यावसायिक प्रकारचं खातं काढा. पहिली नऊ चित्रं एकाच जगातली असू द्या. जे काम मिळावंसं वाटतं तेच दाखवा. बॅनर दाखवाल तर बॅनरच मागतील. खाली दोन ओळी मराठीत, एक इंग्रजीत. गावाचं नाव, झाडाचं नाव, पक्ष्याचं नाव लिहा. अशा व्यावसायिक खात्यांवरच्या सार्वजनिक पोस्ट २०२५ च्या जुलैपासून गूगलच्या शोधातही येऊ लागल्या आहेत, त्यामुळं 'ताडोबा' हा शब्द लिहिलेला असणं याला आता मोल आहे. नुसतं 'निसर्ग माझा सखा' लिहाल तर गूगलला काय कळणार?

आर्टस्टेशन तुमच्यासाठी नाही. ती व्हिडिओ गेम आणि अ‍ॅनिमेशनवाल्यांची गल्ली. पिंटरेस्टवर माणसं भिंतीच्या रंगाची नि ब्लाउजच्या नक्षीची चित्रं साठवतात. तुमचं चित्र तिथं फिरेल खूप, पण फिरता फिरता तुमचं नाव गळून पडेल. डेव्हिअंटआर्ट २००० सालापासून आहे, छंदिष्टांचं मोठं गाव आहे, तिथं हात साफ करायला जायचं तर जा. वेळ नाही म्हणालात, तर नकाच जाऊ.

म्हणजे एक निवडा असं विचारलंत आणि मी दोन सांगितले. बिहान्सवर वर्षातून तीन-चारदा हात लावायचा असतो, इन्स्टाग्रामवर आठवड्यातून एकदा. रोज टाकलंच पाहिजे, नाहीतर अल्गोरिदम रुसतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. रुसू द्या. रोजच्या रीलपायी चित्र काढायचं राहून गेलेले मी पाहिले आहेत.

आता थोडं खटकणारं. या सगळ्या भिंती भाड्याच्या आहेत, आणि भाडं घेत नाही म्हणून मालक कमी मालक ठरत नाही. २९ जून २०२० च्या रात्री टिकटॉकवर बंदी आली. खेड्यापाड्यातल्या ज्या पोरांचे लाखांनी चाहते होते, त्यांना निरोपाचा व्हिडिओ टाकायलाही धड वेळ मिळाला नाही. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, पण चाहत्यांची ती यादी पोरांच्या हातात कधी नव्हतीच. ऑर्कुट २०१४ मध्ये मिटलं. २०२५ च्या जानेवारीत इन्स्टाग्रामनं खात्यावरचे चौकोन उभट केले, तेव्हा नऊ-नऊ चौकोन जुळवून एक मोठं चित्र मांडणाऱ्या चित्रकारांची सगळी मांडणी एका सकाळी विस्कटली.

भिंत स्वतःची हवी, हे आपल्याकडच्या चित्रकारांना फार आधी उमगलं होतं. दीनानाथ दलाल मूळचे मडगावचे, मुंबईत आले, मुखपृष्ठं रंगवू लागले. त्या काळी मराठी चित्रकाराचा प्लॅटफॉर्म म्हणजे मासिकाचं आणि दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. घरोघरी जाणारं, महिनाभर टेबलावर पडून राहणारं. दलालांनी इतरांच्या अंकांसाठी तर कामं केलीच, शिवाय १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' काढला. चित्र काढणारा माणूस स्वतः अंकाचा मालक झाला. कागदाची, छपाईची, वर्गणीची डोकेदुखी त्यानं पत्करली आणि बदल्यात कोणत्या आकारात काय छापायचं हे त्याच्या हातात आलं. शि. द. फडणीसांची शब्दाविना हसवणारी चित्रंही आधी अनंत अंतरकरांच्या 'हंस', 'मोहिनी'च्या मुखपृष्ठांवर गाजली, आणि पुढं त्यांची 'हसरी गॅलरी' उभी राहिली. अंक गाजतो तोवर अंक, पण त्याच्या पलीकडं स्वतःचं काहीतरी.

तुमचा 'दीपावली' म्हणजे एक साधं पान. स्वतःचं नाव, पंधरा चित्रं, ईमेल, बस. गूगलच्या साइट्सवर ते फुकट होतं. फ्लेक्स करणाऱ्याला एका रविवारचं काम. सगळीकडे त्याच पानाचा दुवा द्या. आणि ज्यानं ज्यानं चित्राविषयी विचारलं त्याचा ईमेल किंवा नंबर, त्याला विचारून, एका वहीत लिहून ठेवा. ३४० चाहत्यांपेक्षा वहीतली ३४ नावं वजनदार.

खऱ्या भिंतीही विसरू नका. गाडी धरायला बल्लारशाहला किंवा चंद्रपूरला गेला असाल तेव्हा स्टेशनवरचे वाघ पाहिलेच असतील. भिंतींवर, जिन्यांवर ताडोबाच रंगवलेला. २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत ही दोन स्थानकं देशात पहिली आली. मिथिला चित्रांनी मढलेलं मधुबनी दुसऱ्या क्रमांकावर होतं. फलाटावर रंगवलेलं चित्र म्हणजे अक्षरशः प्लॅटफॉर्म, आणि त्यावरून रोज जाणाऱ्यांची संख्या तुमच्या-माझ्या कुठल्याही खात्याला मिळणार नाही. पण तिथून जाणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना वाघ आठवतो, रंगवणारा कोण ते ठाऊक नसतं. असं भिंतीचं काम मिळालं तर कोपऱ्यात तळहाताएवढं नाव आणि खात्याचा पत्ता रंगवायचा, हे काम ठरवतानाच बोलून घ्या. रंगवून झाल्यावर कोणी ऐकत नाही.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. 'जंगलातला चित्रकार' म्हटलं की शहरातला माणूस वारली मागतो किंवा गोंड मागतो. वारली डहाणू-पालघरकडची. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिकडं गेले, जिव्या सोमा मशे यांची चित्रं त्यांनी मुंबईपर्यंत आणली, तेव्हा जगाला ती कळली. आज बाजारात 'गोंड चित्र' म्हणून जी ठिपक्या-रेघांची शैली ओळखली जाते, ती मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधान चित्रकारांची, जनगढ सिंह श्याम यांच्या हातातून वाढलेली. नाव चालतंय म्हणून तुमच्या चित्राला ते लेबल लावू नका. शोधात चार लोक जास्त येतील हे खरं, पण जाणकार पहिल्याच नजरेत ओळखतो आणि पुन्हा फिरकत नाही. तुमच्या बांधीतले बगळे तुमच्याच हाताचे दिसू द्यात.

आता एआय. हो, खरं आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा स्वतःच सांगते की सार्वजनिक पोस्ट एआय शिकवायला वापरल्या जातात. खातं खाजगी केलं की त्यातून सुटका, पण खाजगी खात्यावर जाहिरात करणं म्हणजे दार लावून दुकान चालवणं. याच रागातून २०२४ च्या मे-जूनमध्ये जगभरचे चित्रकार 'कारा' नावाच्या नव्या ठिकाणी धावले. आठवड्याभरात तिथली संख्या ४० हजारांवरून साडेसहा लाखांच्या घरात गेली. राग रास्त होता. पण तिथं झालं असं की सगळ्या मंडळ्यांनी कार्यालयं थाटली आणि नाटक ठरवायला गावकरी आलेच नाहीत. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'ग्लेझ' नावाचं साधन काढलं; ते चित्रात डोळ्याला जेमतेम जाणवणारे बदल करून यंत्राला तुमची शैली चुकीची वाचायला लावतं. फुकट आहे, वापरा. पण ते कुलूप काढायच्या युक्त्याही इतर संशोधकांनी दाखवल्या आहेत, तेव्हा त्याच्यावर विसंबून निजू नका.

मला जास्त भीती साध्या चोरीची वाटते. माझं एक रानडुकराचं रेखाचित्र एकदा एका दिनदर्शिकेवर भेटलं, खाली दुसऱ्याच कोणाचं नाव. भांडायला गेलो तर 'नेटवर होतं' हे उत्तर. चूक माझीही होती. छापता येईल एवढी मोठी फाइल मीच टाकली होती. आता मी १०८० पिक्सेल रुंदीपलीकडं काही चढवत नाही. फोनवर ते छान दिसतं, छापायला काढलं की पोस्टकार्डाएवढ्यावरच दम तोडतं. फ्लेक्सच्या धंद्यातल्या माणसाला हे गणित मी काय समजावू! रेंजचाही प्रश्न त्यात सुटतो, फाइल हलकी होते. सही कोपऱ्यात नको, कापून टाकतात. बैलाच्या पायाजवळ, गवतात, चित्राच्या आतच घ्या. आणि फोटो उन्हात काढू नका, ट्यूबलाइटखालीही नको. सकाळी पडवीत, कागद भिंतीला सपाट लावून, फोन बरोबर समोर धरून.

कायद्याची एक मेख मात्र बहुतेकांना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक चित्रकारच. पण कलम १७ म्हणतं की कोणी पैसे देऊन रंगचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. रिसॉर्टवाल्यानं तोंडी सांगून भिंतीसाठी वाघ काढून घेतला आणि उद्या तोच टी-शर्टवर छापला, तर तुमचं तोंड बंद. म्हणून काम घेताना दोन ओळी लिहून घ्या : चित्राचा कॉपीराइट माझा, तुम्हाला अमुक वापरासाठी, अमुक वर्षांसाठी परवानगी. स्टॅम्प पेपर नसला तरी निदान ईमेलवर त्यांचं 'मान्य' येऊ द्या. दुकानात पगारावर केलेले बॅनर मात्र मालकाचे, तेही याच कलमानं. रात्रीची चित्रं तुमची. ती दुकानाच्या संगणकावर, दुकानाच्या वेळात रंगवू नका, म्हणजे उद्या वाद नको. एखाद्या चित्रावर फारच जीव असेल तर कॉपीराइट कार्यालयात ५०० रुपये भरून ते नोंदवता येतं.

परदेशातून कोणी मागणी केली तर आनंदात किंमत सांगून मोकळे होऊ नका, आधी पैसे कसे येणार ते ठरवा. पेपाल परदेशातून पैसे घ्यायला चालतं, पण १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात ते बंद आहे. इथल्या गिऱ्हाइकाला यूपीआय, आणि निम्मे पैसे आधी.

प्रश्न : माझ्या चित्रांचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. स्टेटस ठेवलं की दोनशे जण पाहतात. हे एवढे सगळे उपद्व्याप कशाला?
– एक वाचक, आरमोरी

उत्तर : पाहणारे दोनशे जण तुम्हाला आधीच ओळखतात, आणि चोवीस तासांनी ते चित्र पुसलं जातं. अनोळखी माणूस तिथं शोधत येऊ शकत नाही. मात्र ओळख झालेल्या गिऱ्हाइकाशी सौदा पुरा करायला व्हॉट्सअ‍ॅपसारखं दुसरं काही नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, त्यातल्या कॅटलॉगमध्ये चित्र, माप आणि किंमत टाका. किंमत टाकाच. 'इनबॉक्समध्ये विचारा' म्हटलं की आपल्याकडचा माणूस संकोचानं विचारतच नाही.

तुम्ही आरमोरीचे म्हणजे वडसा हाकेवर. वरच्या पोंभुर्णेकरांनाही हेच सांगतो : नाटकांच्या प्रसंगांची चित्रं काढता, तर ती फोनमध्ये घेऊन एकदा त्या गल्लीतून फिरा. कितीतरी पोस्टरवर आज तेच ते कापून चिकटवलेले चेहरे असतात. हातानं रंगवलेलं एखादं पोस्टर गावोगाव लागलं, खाली तुमचं नाव नि नंबर असला, तर ते बघणाऱ्यांना रेंज लागत नाही. फक्त होळीच्या आत जा. नंतर कार्यालयांना कुलपं लागतात.